पिशवी काढायची

माझा अंगठा धरला. आधी मनगट, मंग मूठ उघडली, मंग अंगठा. धरणाऱ्याचा हात गार होता अन् त्याला स्पिरिटचा वास होता. अंगठा शाईच्या ओल्या पॅडवर दाबला, उचलून कागदावर दाबला. परत पॅड, परत कागद. तीन-चार डाव झालं.

मी म्हणले, "कशावर घेऊन राह्यले? मला सही येते."

उत्तर आलं न्हाई. म्हणजे दिलं असंल तर हवेत दिलं असंल. माझ्या हातावर काही आलं न्हाई. मंग त्याच हातानं माझ्या साडीचा पदर ओढला, माझा अंगठा माझ्याच पदराला पुसला अन् पदर परत मांडीवर टाकला. एक फडकंसुद्धा मिळालं न्हाई मला.

साडी नवी होती. अंबडचा खाजगी दवाखाना होता तो, अन् मी तिथं नवी साडी नेसून, डोक्याला तेल लावून, मांडीवर कापडाची पिशवी धरून खुशीत बसले होते. मला वाटत होतं मला कुठंतरी चांगल्या जागी आणलंय. का वाटत होतं ते सांगते. ऐकून हसू येईल. माझ्या भावजयीलाबी आधी हसूच आलं होतं.

मला ऐकू येत न्हाई अन् दिसतबी न्हाई. दोन्ही. लोकांना हे पटत न्हाई, दोन्हीपैकी एक काहीतरी असंल म्हणतात. कानाजवळ टाळी वाजवून बघतात, डोळ्यापुढं बोटं नाचवतात, चिमटा काढून बघतात. चिमटा कळतो. मी शिवी दिली की मंग मागं सरकतात, कारण मुकी मी न्हाई. बारा वर्षांची होईस्तोवर मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. सहावीत होते. मेंदूचा ताप आला. उठले तेव्हा अंधार होता अन् त्या अंधारात कुणाचा आवाज नव्हता. मी मायला म्हणत होते, दिवा लाव, दिवा लाव. माय काय म्हणत होती ते मला आजवर माहीत न्हाई.

बाप होता तोवर बरं होतं. बाप चौथी शिकलेला, पण त्याचं डोकं चाललं. तो माझ्या तळहातावर बोटानं अक्षर काढायचा. भा, क, र. पा, ऊ, स. लई हळू व्हायचं, पण तो काढायचा. मी एकोणीस वर्षांची असताना तो गेला, अन् त्याच्यासंगं घरातलं माझ्याशी बोलणं गेलं. मंग राहिल्या खुणा. दंड ओढला म्हंजे चल. ओठाला बोट लावलं म्हंजे जेव. पाठीवर दोन थापट्या म्हंजे सरक. आमच्यात आज्याची मेंढरं होती, आज्या मेंढरांशी याच्याहून जास्त बोलायचा. सात वर्षं मी तशी राहिले. सात वर्षं मला कुणी काही विचारलं न्हाई, फकस्त सरकवलं.

आमची वस्ती अंकुशनगरच्या अलीकडं हाय. कारखाना सुरू झाला की मळीचा वास येतो अन् वाळत घातलेल्या कपड्यावर काजळी पडते, बोटाला खरखर लागते. त्यावरून मला कळायचं, हंगाम आला. भाऊ अन् भावजय टोळीत ऊस तोडायला जायचे. टोळी मुकादमाची, ट्रॅक्टर मुकादमाचा. मी अन् माय घरी.

शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. जालन्यात एक संस्था हाय, तिथल्या. दर गुरुवारी येष्टीनं यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला अन् आपल्या डोळ्यांवर ठेवला. मंग हातात आपली घडीची काठी दिली. मी काठी चाचपली, परत चाचपली. आंधळी बाई! जालन्याहून एकटी आल्ती, अंबडला गाडी बदलून. अन् मी सात वर्षांत परसाकडंलासुद्धा एकटी गेले नव्हते. मला बाईंचा हेवा वाटला, अन् माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी अंड्याच्या ट्रेचा तुकडा आणला, सहा खळग्यांचा, अन् मूठभर चिंचोके. माझ्या तळहातावर क काढला अन् एका खळग्यात एक चिंचोका, खालच्या कोपऱ्यातल्या खळग्यात दुसरा. माझी सटकली. म्हणले, "मला काय लेकरू समजता का, चिंचोके खेळायला?" ट्रे फेकून दिला. बाईंनी भुईवरून चाचपून चाचपून चिंचोके गोळा केले, एकूण एक, अन् माझ्या डोक्यात टपली मारली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. सात वर्षांत मला कुणी रागावलं नव्हतं. कीव करणारे सगळे, रागावणारं कुणी न्हाई.

सहा टिंबं. एवढंच हाय ते ब्रेल. सहा टिंबांतली कोणती उठलेली अन् कोणती बसलेली, त्याच्यावरून अक्षर. कागद जाड लागतो. लोखंडी पाटीत कागद अडकवून टोच्यानं उजवीकडून डावीकडं टोचत जायचं, पान पालटलं की डावीकडून उजवीकडं वाचायचं. पहिले दोन महिने मी सगळं उलटं टोचायची. बाई टपल्या मारायच्या. पाचव्या महिन्यात त्यांनी एक ओळ टोचून माझ्या बोटाखाली ठेवली. मी वाचली. तुला काय पाहिजे? परत वाचली. मला काही सांगता येईना. काय पाहिजे हे मला कुणी विचारलंच नव्हतं, तर मी ठरवू कवा? मी नुसती रडत राहिले अन् शेवटी म्हणले, चहा. बाई हसल्या, त्यांचा खांदा हलला तो मला कळला.

मंग बाईंनी बोटावरचं शिकवलं. तीच सहा टिंबं, पण माणसाच्या हातावर. डाव्या हाताची तीन बोटं, उजव्या हाताची तीन. अंगठा अन् करंगळी सुट्टीवर. समोरचा माणूस माझी ती ती बोटं दाबतो अन् अक्षर होतं. कागद नको, पाटी नको. बाई घरच्यांना म्हणल्या, तुमच्यातलं कुणीतरी शिका. भाऊ म्हणला, दिवसभर कोयता चालवून बोटं धड राहतात का. माय अंगठेबहाद्दर, तिला क म्हंजे काय तेच माहीत न्हाई. राहिली भावजय. आठवी पास. तिला मी वहिनी म्हणते. आधी तिनं नाक मुरडलं, मंग तिलाच गोडी लागली. टोळीतून आली की हातपाय धुवायची अन् माझ्या बोटांवर बसायची. काटकसरीनं बोलायची, कारण बोटं दुखायची तिची. "भाजी जळली." "सासू चिडली." "वळू सुटला गावात." ऱ्हस्व-दीर्घाचा तर तिनं मुडदाच पाडला होता. पण माझ्या घरात बोलणं आलं होतं परत. त्या दिवसांत मला वाटायचं, आता सगळं बराबर झालं.

बराबर काही झालं नव्हतं.

याच हंगामातली गोष्ट. दुपार होती. माय वस्तीवरच्या मयतीला गेल्ती. मी गोठ्यात शेण भरून राह्यले होते. मागून माणसाचा वास आला. जर्दा, अन् त्याच्यात गोड अत्तर. भावाला तो वास न्हाई, वस्तीवरच्या कुणालाच न्हाई. मी म्हणले, "कोण हाय?" त्यानं तोंडावर हात दाबला अन् मला भिंतीला लावलं. मी चावले. सगळा जीव दातांत आणून चावले, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं न्हाई. त्यानं मला गव्हाणीवर आपटलं अन् गेला. वास लई येळ राहिला गोठ्यात.

मी घरी सगळं सांगितलं. मला बोलता येतं, मी काय सोडते का. सांगितलं, असा असा माणूस, असा वास, त्याच्या हाताला माझे दात लागलेत, बघा कुणाच्या हाताला फडकं हाय. मायनं मला छातीशी धरलं. मंग माझ्या हातावर कुणी काहीच लिहिलं न्हाई. वहिनीनंबी न्हाई. चार दिवस तिनं माझ्या बोटांना हात लावला न्हाई. मला वाटलं, माणूस शोधून राह्यले असतील.

पाचव्या दिवशी सांजच्याला वहिनी आली. माझी बोटं धरली. तिनं दाबलं, "उद्या पिशवी काढायची. गाडी येनार."

मी म्हणले, "कुठं जायचं?"

तिनं हात काढून घेतला.

आता माझं डोकं बघा. बाईंनी मागच्या गुरुवारी सांगितलं होतं, जालन्याला संस्थेत माझ्यासारख्यांचा मेळावा हाय. दिसत न्हाई अन् ऐकूबी येत न्हाई अशी माणसं, अन् सगळी बोटावर बोलणारी. मला जायचं होतं. भाऊ नको म्हणला होता. मला वाटलं, कबूल झाला भाऊ. गोठ्यात जे झालं त्याच्यानं त्याला माझी दया आली असंल. मी उठले, खुंटीवरची माझी कापडाची पिशवी काढली. तिच्यात पाटी भरली, टोच्या भरला, टोचलेले कागद भरले, एक साडी, फणी. मायला म्हणले, "नवी साडी दे." मायनं दिली. नेसताना तिनं निऱ्या घातल्या अन् माझ्या पोटावर हात ठेवून उगीच थांबली. मी म्हणले, "रडू नको गं, दोन दिवसांत येते."

सकाळी जीप आली. मी पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी बसले. दार लागलं अन् मला वास आला. जर्दा, अन् गोड अत्तर. सीटला होता, पडद्याला होता. मी वरडले, "हाच वास हाय. हाच तो माणूस." मायनं माझ्या तोंडावर हात दाबला. त्यानं जिथं दाबला होता तिथंच. मी मायला चावू शकत नव्हते. जीप चालू झाली.

तरीबी मी मनाची समजूत घातली. गाडी भाड्याची असंल, वास आधीच्या माणसाचा असंल. जालना, जालना करत मी बसले. उतरले तिथं फिनेलचा वास. पोटावर गार चिकट काहीतरी लावलं अन् वरून काहीतरी फिरवलं. सुई टोचून रक्त घेतलं. मला वाटलं मेळाव्याच्या आधी तपासणी करतात. वाटून घ्यायला काय जातं. मंग तो अंगठा घेतला, पदराला पुसला. अन् मला परत जीपमध्ये घालून घरी आणून सोडलं. वहिनीनं बोटावर एवढंच दाबलं, "सोमवारी परत."

दोन दिवसांनी गुरुवार होता. बाई आल्या. मी त्यांच्यापुढं गाऱ्हाणं घातलं. मेळाव्याला म्हणून नेलं, पिशवी काढायला लावली अन् दवाखान्यातून परत आणलं, आता सोमवारी परत पिशवी काढायची म्हणतात, ही काय थट्टा हाय का. बाईंचा हात माझ्या हातात होता. तो एकदम थांबला. मंग त्यांनी विचारलं, "पोट तपासलं का?" मी हो म्हणले. "अंगठा घेतला का?" हो म्हणले. बाईंनी माझी सहा बोटं नीट मांडून घेतली, टेबलावर भांडी मांडावी तशी. अन् दाबायला लागल्या. ग. मंग जोडाक्षराचं टिंब, र, अन् उजव्या हाताची दोन बोटं. भ. ग, र्, भ. पिशवी.

मला कळलं न्हाई. मी म्हणले, "म्हंजे?"

बाईंनी माझा हात माझ्याच ओटीपोटावर ठेवला. मंग बोटांवर लिहिलं, "लेकरू जिथं राहतं ती. ती कापून काढणार. तुला विचारलं का?"

बाराव्या वर्षी माझ्याकडं येणारे शब्द थांबले. लेकराचे शब्द माझ्याकडं होते, बायकांचे नव्हते. बाया विहिरीवर, उसाच्या फडात हळू आवाजात जे बोलतात ते माझ्यापर्यंत कसं येणार? मला पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा मी मरते असं समजून बापाला हाका मारत होते. तर आमच्याकडच्या सगळ्या बाया म्हणतात, हिची पिशवी काढली, तिची पिशवी काढली. लहान लेकरालाबी माहीत. मला माहीत नव्हतं. मी नवी साडी नेसून गेल्ते. माझ्या हातानं खुंटीवरून पिशवी काढून गेल्ते.

बाई गेल्यावर मी वहिनीला धरलं. म्हणले, "तू मला फसवलंस."

तिला आधी हसू आलं, मी पिशवी भरली ते आठवून. तिचा हात हलत होता हसण्यानं. मंग तिनं दाबलं, "मी तं सांगितल्तं. पिशवी काढायची मनून." अन् मंग, "माझी काढली. काय मेले का मी?"

मला हे माहीत नव्हतं. वहिनी एकतीस वर्षांची हाय. दोन लेकरं झाल्यावर काढली म्हणे, पंचविसाव्या वर्षी. म्हंजे फडात खाडा नको, महिन्याची कटकट नको. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं काढायला?" तिनं दाबलं, "मुकादम. त्याचीच जीप. तोच दवाखाना." मी विचारलं, "आता बरी हायेस का तू?" तिनं एकेक अक्षर सावकाश दाबलं. "कंबर जाते. घाम फुटतो. झोप न्हाई." त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तिलाबी विचारलं असंल.

मंग मी विचारलं, "मुकादमाच्या हाताला फडकं होतं का?"

तिची बोटं माझ्या बोटांवर तशीच पडून राहिली. शेवटी तिनं दोन अक्षरं दाबली. "होतं."

म्हंजे घरात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी माहीत होतं. मुकादमाला कुणी काही विचारलं न्हाई. उलट, वहिनीनं मला दाबून सांगितलं, त्यानंच भावाला गळ घातली, तुमची बहीण अशी, उद्या कुणी काही केलं, दिवस राहिले, तर तुमची अब्रू जाईल, मी गाडी देतो, डॉक्टर ओळखीचा हाय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच फाशीची गाडी घेऊन आल्ता. दिवस राहणार न्हाईत म्हंजे काही कळणार न्हाई. त्याला गोठ्याची वाट मोकळी. हे समजलं तेव्हा मी परसात जाऊन बसले. माय पाठीवरून हात फिरवत होती. मी मायचा हात झटकला. त्याचं मला आजबी वाईट वाटत न्हाई.

मायला मी सांगितलं, "मी जाणार न्हाई." मायनं वहिनीकडून माझ्या बोटावर लिहून घेतलं, "मी मेल्यावर तुझं कोन बघंल? कोन बी यील." मायला भीती खरी होती. मी म्हणले, "माये, पिशवी काढल्यानं तो यायचा थांबतो का?"

शनिवार-रविवार मी टोचत बसले. बाईंनी सांगितलं होतं, सज्ञान बाईच्या होकाराशिवाय तिच्या अंगाला सुरी लावता येत न्हाई, अन् जो समजलाच न्हाई तो होकार न्हाई. बाई म्हणल्या, सोमवारी मी येते. मी म्हणले, नका येऊ. तुम्ही आल्या तर म्हणतील बाईनं फितवली. मला त्या कागदाजवळ जायचं होतं ज्याच्यावर माझा अंगठा होता. म्हणून मी सोमवारी भाऊ-वहिनीसंगं मुकाट जीपमध्ये बसले. अंगावर जुनी साडी होती. ब्लाउजमध्ये टोचलेला कागद होता.

दवाखान्यात बाकावर बसवलं. दोन्ही बाजूंना बायका होत्या, त्यांचे खांदे माझ्या खांद्याला लागत होते. लेकरं पायाला अडखळत होती. म्हंजे गर्दी होती. बरं झालं. दंड ओढला, चल. मी उठले अन् चालले न्हाई. कागद काढला, डाव्या हातावर धरला अन् उजव्या बोटानं वाचायला लागले, मोठ्यानं. माझा आवाज किती मोठा असतो मला कळत न्हाई, ते त्या दिवशी कामी आलं.

"मला दिसत न्हाई. ऐकू येत न्हाई. मला वाचता येतं. माझा अंगठा मला न सांगता घेतला. माझी गर्भपिशवी काढायला मी हो म्हणलेली न्हाई. मी न्हाई म्हणते. अंगठ्याचा कागद परत द्या."

भावानं दंड ओढला. मी बाकाचा लोखंडी पाय धरून खाली बसले अन् परत पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा वहिनी माझ्यासमोर बसली अन् माझी बोटं धरली. मी म्हणले, "कोण काय म्हणून राह्यलं ते जसंच्या तसं दाब. गोड करू नको."

तिनं दाबलं, "डॉक्टर. हिला काय कळतंय. उगाच तमाशा. आत न्या."

मी म्हणले, "कळतं का न्हाई ते माझ्या बोटावर विचारा."

"तुझ्या भावाला इचारून राह्यला."

मला हसूच आलं. एवढ्या भीतीतबी आलं. मी म्हणले, "भावाला काय विचारता? पिशवी भावाची हाय का?"

बाक हलला. दोन्ही बाजूंच्या बाया हसल्या असाव्यात. वहिनीची बोटं भराभर चालायला लागली, एवढी जल्दी ती आजवर कधी बोलली नव्हती. "बाया वरडून राह्यल्या. एकीनं मोबाईल काढला. दुसरीनं बी. डॉक्टर आत गेला. नर्स आली. कागद." माझ्या हातात कागद आला. गुळगुळीत, पातळ, त्याच्यावर बोटाला काही लागत न्हाई. असल्या कागदावर माझ्या पिशवीचं ठरलं होतं. मी वहिनीला विचारलं, "हाच का? नीट बघ." तिनं दाबलं, "हाच. तुझा अंगठा हाय. खाली भावाची सही." मी कागद फाडला न्हाई. घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. परत येष्टीनं आलो आम्ही दोघी. भाऊ जीपनं गेला.

त्याला आता वीस-बावीस दिवस झाले. भाऊ माझ्या हाताला हात लावत न्हाई. त्याला टोळीतून काढलंय. वहिनीनं सांगितलं, तो तिला म्हणतो, "तुज्या नणंदंनं घर बुडवलं." एखाद्या दुपारी दारात जीप येऊन थांबते. भुईला हादरा कळतो, मंग इंजिन बंद झालेलं कळतं. कुणी उतरत न्हाई. थोडा येळ तो वास अंगणात राहतो अन् जीप निघून जाते. माय मला आत ओढते, कडी लावते. मी ज्या दिवशी जीप आली तो वार अन् तो वास, दोन्ही टोचून ठेवते.

मला त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. नुसता मुकादम माहीत होता. गावात कोण नवं आलं, कुणाचं नाव काय, हे मला कोण सांगणार. परवा मी वहिनीला म्हणले, "नाव सांग." तिनं हात मागं घेतला. मी म्हणले, "तुझंबी त्यानंच काढायला लावलं. नाव सांग." ती उठून गेली. भांडी घासली असावीत, कारण परत आली तेव्हा हाताला राख होती. माझ्यासमोर बसली. माझी सहाही बोटं धरली अन् त्याचं नाव दाबलं, बापाचं नाव दाबलं, आडनाव दाबलं. एकबी ऱ्हस्व-दीर्घ चुकला न्हाई. मंग दाबलं, "मी बी येते. माझं बी ल्ही."

तिचंबी लिहिलं. सहा पानं झालीत. तारखा हायेत, वास हाय, चावलेली जागा हाय, जीप हाय, दवाखाना हाय. मुकी बिचारी कुणी हाका म्हणतात ना? मी मुकी न्हाई अन् बिचारी तर बिलकुल न्हाई.

गुरुवारी बाई येणार. आम्ही तिघी अंबडला ठाण्यात जाणार. तिथं काय होईल ते मला आत्ताच माहीत हाय. म्हणतील, ही नुसती टोचलेली पानं हायेत, साध्या अक्षरात आणा. म्हणतील, हिच्या वतीनं भावाला बोलवा. म्हणतील, उद्या या. मी उद्या येणार न्हाई, कारण मी जाणारच न्हाई. ज्यांना ही पानं वाचता येत न्हाईत त्यांनी वाचणारा माणूस शोधावा, जालन्याहून आणावा, कुठूनबी आणावा. माझी सहा बोटं टेबलावर मांडलेली असतील. काय विचारायचं ते माझ्या बोटांवर विचारा. तोवर मी त्या बाकावरून उठणार न्हाई.